मॉनिटरला लावलेली टेप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही, आणि त्याला तर मी शेजारणींची भांडणंही रंगवून सांगते. तुम्हाला सांगते. हसायचं तर हसा.

जुन्नरला मी एका संस्थेच्या शिवणक्लासात शिकवायची. दोन हजार सालानंतर कधीतरी संस्थेनं कॉम्प्युटर आणला आणि ब्लाउजचं कटिंग शिकवणारी एक सीडी. सीडीतली बाई हिंदीत बोलायची, पडद्यावर रेघा आपोआप उमटायच्या. मापं टाकली की पूर्ण आकाराचा कागद छापून मिळणार होता — पण प्रिंटर आलाच नाही. आणि मापं कुठं टाकायची, हे मला तरी कुठं येत होतं? बाहेर मात्र 'कॉम्प्युटर कटिंग' अशी पाटी, खाली माझं नाव. मग काय करणार — मी पडद्यावरच्या चित्राला चक्क मापाची टेप लावली. येईल त्याची दुप्पट केली. ब्लाउज बसला! तेव्हापासून पोरी रांगेनं मॉनिटर मोजायच्या आणि मी मागं ऐटीत उभी.

येडगावची सुमन त्यांच्यात सगळ्यात हुशार. बहिणीच्या लग्नाचा ब्लाउज नीट झाला तर वडील तिला मशिन घेणार होते, नाहीतर क्लास बंद. नेमका तेव्हाच जुना मॉनिटर जळाला. संस्थेनं मोठा आणला. सुमननं टेप लावली, दुप्पट केली, कापड कापलं.

त्या ब्लाउजात नवरीसोबत करवलीही मावली असती.

"बाई," ती सगळ्यांसमोर म्हणाली, "पडदा मोठा झालाय, म्हनून चित्र बी मोठं झालंय."

खरं सांगू? मला त्याच क्षणी कळलं. पण कबूल करायचं म्हणजे — माझी सगळी विद्या म्हणजे एक टेप, हे उघडं पडणार! मी म्हणाले, "कॉम्प्युटर चुकत नाही. तुझ्या हातातच शिवण नाही."

तिनं टेप गुंडाळून टेबलावर ठेवली आणि गेली. ती परत आली नाही. बहीण पिना लावून बोहल्यावर उभी राहिली, असं नंतर कानावर आलं. मशिन काही आलं नाही.

आणि मी? दुसऱ्याच दिवशी वर्गात सांगितलं — कॉम्प्युटरमध्ये बिघाड होता, मी रात्री बसून काढला, यापुढं दुप्पट नको, दीडपट करा. पोरींनी टाळ्या वाजवल्या. सुमनच्या रिकाम्या स्टुलाकडं न बघता मी त्या हसून घेतल्या.