बुजगावण्याच्या मापाची सीट

मी तोंडाची फटकळ आहे, हे तलासरीच्या हायवेवर कुणालाही विचारा. चहाची टपरी चालवायची तर तसंच लागतं, नाहीतर ट्रकवाले डोक्यावर मिऱ्या वाटतात. तेव्हा नविनबद्दल सांगेन तेही सरळच सांगेन. माणूस वाईट नाही. हातात कसब आहे, नियत साफ आहे. पण हट्टी! एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही.

माझ्या टपरीपलीकडे चैत्याचं पंक्चरचं दुकान आणि त्याला लागून नविनचं गॅरेज. मागे एक खोली, तिथेच राहतो. पूर्वी तिघं राहायची. बायको निलम, सुरतची, इथे दवाखान्यात नर्स होती. आणि पोरगी श्रुतिका. ही पोर चालायला लागली तशी पाना घेऊन बापाच्या मागे. वापीच्या पुढे एक ट्रॅक होता, तिथे जमिनीला टेकलेल्या छोट्या गाड्या पळवायच्या. नविन तिला दर रविवारी न्यायचा. मोठमोठ्या पोरांना मागे टाकून यायची आणि माझ्याकडे येऊन आधी भजी मागायची.

मग एका रविवारी गाडी टायरांच्या भिंतीवर आपटली आणि पोरीचा हात मोडला. तेरा वर्षांची होती. निलम म्हणाली, "तुझ्या शौकापायी माझी पोर जाईल एक दिवस." हात प्लास्टरमध्ये होता तेव्हाच तिला घेऊन माहेरी गेली. तिथे नोकरीही लागली. नविन म्हणायचा, बोलावलं तर जाईन. निलम म्हणायची, बोलवायला तो काय पाहुणा आहे? दोघंही एका माळेचे मणी. सुरत काय लांब आहे हो? गाडीत बसलं की झालं. पण तीन वर्षं हा गेला नाही.

फोन मात्र चुकायचा नाही. संध्याकाळी माझ्या बाकावर बसायचा, बिस्किटांच्या बरणीला मोबाईल टेकवायचा आणि पोरीशी बोलायचा. जेवलीस का, अभ्यास झाला का. टपरीला भिंती नाहीत, मला सगळं ऐकू यायचं. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ तसाच त्या बरणीकडे बघत बसायचा. मी भांडी वाजवायची, म्हणजे उठेल तरी.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास श्रुतिकाने विचारलं, "पप्पा, दिवाळीत तुझ्याकडे येऊ?"

एवढंच विचारलं हो पोरीने. दुसरा बाप असता तर चादरी धुतल्या असत्या, खोलीला चुना मारला असता. या बाबाने पिकअप विकली आणि पुण्याकडच्या कुणाची तरी जुनी रेसची गाडी आणली. फॉर्म्युला म्हणतात तसली. टेम्पोतून उतरवली तेव्हा अर्धा हायवे गोळा झाला. नारिंगी रंग, लांब नाक, चाकं बाहेर आलेली आणि मध्ये माणूस बसायला एक भोक.

चैत्या म्हणाला, "हिचं छप्पर रस्त्यात पडलं काय रे?"

मी म्हटलं, "एवढी लांबलचक गाडी आणि बसायला एकटाच? पाहुण्याला कुठे बसवणार, चाकावर?"

नविन हसला. किती दिवसांनी हसला असेल कुणास ठाऊक. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, सोळा पूर्ण झाली ना ती. जानेवारीत कोइमतूरच्या ट्रॅकवर नवीन पोरांना चालवून बघू देतात. गाडी तिला नीट बसली की ती येत राहील. सराव करावा लागतो, दर महिन्याला यावंच लागेल."

तेव्हा मला कळलं की हा गाडी दुरुस्त करत नाहीये. पोरीला परत आणायची वाट बांधतोय. आणि तिला काही सांगायचंही नव्हतं, आल्यावर दाखवायचं होतं. मला भीती वाटली, खरं सांगते. पण त्याच्या तोंडाकडे बघून मी गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे बघा.

मग जे काम सुरू झालं! गाडी चालते की नाही हा प्रश्नच नव्हता, इंजिन त्याने चार दिवसांत उघडून बसवलं. खरं काम पुढे. अशा गाडीला प्रत्येक चाकावर किती भार येतो ते तोलून बघावं लागतं. घोलवडच्या एका चिकूवाल्याकडून त्याने वजनकाटे आणले आणि चार चाकांखाली चार ठेवले. जमीन सपाट हवी म्हणून गवंड्यासारखी पाण्याची नळी लावून पातळी काढली. चाकं सरळ आहेत का बघायला दोन्ही बाजूंनी दोऱ्या ताणल्या. त्या दोरीत अडखळून चैत्या दोनदा पडला आणि दोन्ही वेळा नविनच्या आईबापाचा उद्धार केला.

पण हे सगळं करायचं ते चालवणारा आत बसलेला असताना. त्याच्या वजनाने काटे हलतात. आणि सीट तर त्याच्या पाठीच्या मापाचीच ओतायची असते. एका डब्यातलं पातळ आणि दुसऱ्या डब्यातलं पातळ एकत्र केलं की फोम होतो, इडलीसारखा फुगतो आणि दगडासारखा घट्ट होतो. धाकटी डहाणूला मच्छीच्या बर्फपेट्यांत भरतात तोच, तिथूनच आणला. माणूस बसवायचा, पाठीमागे प्लास्टिकच्या पिशवीत फोम ओतायचा, तो धरेपर्यंत हलायचं नाही. मग ती सीट त्या एका माणसाची, दुसऱ्याला बोचणारच.

आणि माणूस तर सुरतेत!

तर या शहाण्याने काय करावं? श्रुतिकाचा जुना रेसचा झगा ट्रंकेतून काढला आणि त्यात पेंढा कोंबला. कंबरेत रेतीच्या पिशव्या घातल्या, मानेवर हेल्मेट ठेवलं आणि बसवलं गाडीत. भात पोटरीला आलेलं, आजूबाजूच्या शेतांत बुजगावणी उभी. त्यात हे एक बसलेलं. येणारेजाणारे थांबून फोटो काढायचे. चैत्या रोज सकाळी त्याला सलाम ठोकायचा, "राम राम ड्रायवरसाहेब!"

मी मात्र बघायची की दुपारी गिऱ्हाईक नसलं की नविन त्या पेंढ्याशी बोलतो. "ब्रेक लांब वाटतो का गं? थांब, एक भोक जवळ घेतो." त्याच्याकडे जाऊन कुणी बसत नव्हतं. मीही टपरी सोडून किती जाणार? मग संध्याकाळी चहा त्याच्यापुढे आदळायची, राग त्याच्यावरच निघायचा.

ज्या दिवशी सीट ओतायची, त्या दिवशी मी स्पष्ट बोलले. "नविन, हा झगा तेराव्या वर्षीचा आहे. पोर वाढत नाही होय?"

"रोज बघतो की मी तिला."

"फोनवर तोंड दिसतं रे! पाय कुठे दिसतात?"

"निलम बुटकी, मी बुटका. वाढून वाढून किती वाढणार? बोटभर जागा जास्त ठेवतो."

"मग विचार ना तिला उंची."

"विचारली तर कळेल तिला. काही बोलू नका, मावशी, पिशवी धरा."

मी पिशवी धरली. बुजगावण्याच्या पाठीमागे फोम फुगला, घट्ट झाला. त्याने कडा घासल्या, वर चंदेरी पट्ट्या चिकटवल्या. चांगली झाली होती, वाईट कशाला म्हणू? दसऱ्याला सगळ्यांनी गाड्यांना हार घातले, नारळ फोडले, हॉर्न वाजवले. याने नारिंगी गाडीला झेंडूचा हार घातला, पण इंजिन लावलं नाही. म्हणाला, पहिला स्टार्ट जिची गाडी तिच्या हातचा. ती येईपर्यंत थांबायचं.

दिवाळीच्या पाडव्याला तो बाईक घेऊन डहाणू स्टेशनला गेला. मी भज्यांचं पीठ भिजवून ठेवलं होतं. दुपारी बाईक आली, थांबली, मागून पोरगी उतरली.

अगं बाई! बापापेक्षा डोकंभर उंच. कुणावर गेली देव जाणे. पाय तर असे लांब की बाईकवरून उतरताना दुमडून घ्यावे लागले. तिने मला मिठी मारली आणि माझं डोकं तिच्या छातीशी आलं. तिच्या काखेखालून मला नविन दिसत होता. तो बाईक स्टँडला लावत होता आणि ती काही केल्या लागत नव्हती. स्टेशनवर बघितलं असणार त्याने, सगळा रस्ताभर त्याला कळलेलं असणार.

ताडपत्री त्याने तरीही काढली. पोरीचे डोळे मोठे झाले. "पप्पा! ही माझ्यासाठी?" ती आत उतरली. गुडघे स्टिअरिंगला अडले, खांदे सीटच्या बाहेर. हसत हसत तिने दोनतीनदा प्रयत्न केला. मग तिला ते बुजगावणं दिसलं, कोपऱ्यात भिंतीला टेकवलेलं, तिच्या झग्यातलं. हसू तिथेच थांबलं.

"पप्पा, मी एवढीशी होते?"

"एवढीच होतीस," नविन म्हणाला.

मग त्याने ती चंदेरी सीट दोन हातांनी उपटून बाहेर काढली आणि ब्रेक पुढे सरकवला. "फोम शिल्लक आहे. बस. मावशी, पिशवी धरा."

आता ती बसली बरोबर. त्याने डबे मिसळले, ओतलं. फोम पाठीमागे चढायला लागला. "गरम लागेल जरा. हात स्टिअरिंगवर. हलायचं नाही."

मी पिशवीचं तोंड धरून तिच्या पाठीशी उभी होते, म्हणून मी तिथे. नाहीतर बापलेकीच्या मध्ये मी कशाला थांबेन?

"पप्पा," ती समोर बघत म्हणाली, "मी सांगायला आले होते. मम्मीला मस्कतला नोकरी लागलीय, मोठ्या हॉस्पिटलात. मी पण जाणार. पुढचं शिक्षण तिकडेच. जानेवारीत निघायचं."

नविनने तिचे दोन्ही खांदे दाबून धरले होते. ते हात तसेच राहिले. मला वाटलं, आता हा सोडणार, उठून बाहेर जाणार. पण फोम धरत होता.

"बोल," तो म्हणाला. "बोल, पण हलू नकोस."

"फोनवर सांगवत नव्हतं. तू चिडशील, रडशील, मला तुझं तोंड बघवलं नसतं. पप्पा, मला गाडी आवडली. खरंच आवडली." आणि ती रडायला लागली. तोंड मिटून, हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून. पण रडणं अंगात थोडंच मावतं? डावा खांदा त्याच्या हाताखाली उडत होता. तो नुसता म्हणत होता, "झालं, बाळा, झालं. थोडं राहिलं." मी पिशवीचं तोंड आणखी आवळून धरलं. कुणाला कशाला दोष देऊ? रागवायलासुद्धा कुणी सापडेना मला.

फोम घट्ट झाल्यावर त्याने तिला काखेत धरून बाहेर काढलं, सीट तपासली, परत बसवली. मग पट्टे आवळले आणि बटण दाखवलं. तिने पहिला स्टार्ट दिला. काय आवाज हो! ट्रकवाले खिडक्यांतून डोकी काढून बघायला लागले, चैत्याने कानांवर हात ठेवले आणि पोरगी ओल्या डोळ्यांनी हसली. नविनही हसला. मी भजी तळायला घेतली. संध्याकाळच्या गाडीला तो तिला सोडून आला.

जानेवारीत ती गेली. कोइमतूरची तारीख आली, तशीच गेली. शिमग्याच्या आसपास नाशिककडचा एक माणूस मुलाला घेऊन गाडी बघायला आला. मुलगा बसला, म्हणाला, सगळं ठीक आहे, पण डाव्या खांद्याला सीट बोचते, लाट आल्यासारखं काहीतरी आहे, घासून द्या. नविन म्हणाला, "घासणार नाही. गाडी न्या, सीट राहू द्या." तसा व्यवहार झाला. गॅरेजमध्ये भिंतीला आता दोन सीटा टांगलेल्या आहेत, एक लहान, एक मोठी. मोठीच्या डाव्या खांद्यावर हात फिरवला की ती लाट लागते. बुजगावण्याचा पेंढा चैत्याने गाईला घातला आणि झगा नविनने धुऊन परत ट्रंकेत ठेवला.

फोन अजून येतो. तोच बाक, तीच बिस्किटांची बरणी. मस्कतला तेव्हा दिवस असतो. जेवलीस का, अभ्यास झाला का, सगळं तेच. फक्त ठेवायच्या आधी तो एक गोष्ट रोज सांगतो.

"श्रुती, फोन जरा टेबलावर ठेव. आता मागे जा. अजून मागे. हां, तशीच उभी राहा, पाय दिसू देत."

ती उभी राहते. तो बघतो. मी भांडी वाजवत नाही.