मेहुण्यांनी तेच वाजवलं

एकच गोष्ट दोनदा तश्शीच करून दाखवणारा माणूस जगात कुणीही असेल, आमचे मेहुणे नव्हेत. बायकोचे थोरले भाऊ. वडगाव रासाईला ऊस आहे, गोठा आहे आणि भजनात पेटी वाजवतात. वडगावहून शिरूरला आमच्या घरी यायचा रस्ता सरळ. हे एकदा दौंडमार्गे उगवले. एवढा वळसा कशाला, म्हणून विचारलं, तर म्हणे, "दाजी, त्यो रस्ता ठावकीच हाय. मंग परत त्यानंच काय यायचं?" चहात आज आलं, उद्या ओवा. किस्सा तोच सांगतील, पण गेल्या खेपेला मेलेला म्हातारा ह्या खेपेला जेवायला बसलेला असतो. पेटीवर तर विचारूच नका. गावच्या गणपतीला आरतीची दोन कडवी झाली की ह्यांची बोटं जी सुटायची ती कुठल्या कुठं, आणि लोक टाळ्या थांबवून उभे. "कापूर विझला की हो," पुजारी कुरकुरायचा. "दुसरा लावा, मी हाय हितंच."

मी कंपनीत क्वालिटीला. सगळे पार्ट एकासारखा एक निघावेत म्हणून पगार घेणारा माणूस, मला ह्यांचा वैताग यायचा. आणि पाहुण्यांत मीच सांगत सुटायचो की आमच्या मेहुण्यांसारखी पेटी अख्ख्या तालुक्यात नाही.

माझी लेक तेव्हा पुण्यात मेंदूचा अभ्यास करत होती. आयत्या वेळी सुचेल तसं वाजवताना वादकाच्या डोक्यात काय होतं, हा तिचा प्रोजेक्ट. "पप्पा, कपाळामागं एक भाग असतो. चुकलं का, लोक काय म्हणतील, हे तो सारखा तपासत असतो. माणूस मनानं वाजवायला लागला की पुष्कळदा तो गप्प होतो."

"म्हणजे क्वालिटीवाला चहाला गेला," मी म्हणालो.

"तसंच समजा."

ठरलेले पेटीवाले ऐन वेळी फिरले, तेव्हा मामाला बोलावणं गेलं, आणि मीच त्यांना गाडीत घालून पुण्याला नेलं. डोक्यावर तारांची टोपी चढवली तशी मेहुणे म्हणाले, "नवरदेवाला बी एवढं बांधत न्हाईत." काम सोपं होतं. आधी पाठ केलेली एक साधी चाल पुन्हा पुन्हा तशीच वाजवायची, मग मनानं. दोन्हींची तुलना करायची. मेहुण्यांनी चाल पहिल्यांदा वाजवली ती नटवून, दुसऱ्यांदा वाजवली ती ओळखूच येईना. लेकीच्या मॅडमनी मान हलवली. "ह्यांचं नाही चालणार. दुसरं कुणी नसेल तर तुझं हे वर्ष राहील."

लेक जिन्यात जाऊन रडली. मेहुण्यांनी टोपीसकट मागं जाऊन ते पाहिलं. मग तिच्याशेजारी पायरीवर बसून विचारलं, "काय करू, सांग."

"मामा, काहीच घालू नका. नुसतं तेच."

परत आले, टॉवेलनं हात पुसले आणि वाजवायला बसले. साधी चाल. पुन्हा तीच. पुन्हा तीच. उसाची मोळी उचलताना येत नाही एवढा घाम कपाळावर. मी काचेमागून कान देऊन तपासत होतो, फरक नव्हता. शेवटी लेक म्हणाली, "आता मनानं." औत सोडलेला बैल पाण्याकडं निघावा तशी बोटं निघाली. मॅडम लिहायचं विसरून ऐकत राहिल्या. मला भरून आलं. ज्याला त्याला सांगावंसं वाटलं की हे आमचे मेहुणे.

घरी येताना गाडीत त्यांनी हळूच विचारलं, "एका जागी बोट निसटत हुतं. दाबलं म्या. मशिनीत दिसलं आसंल का गं?"

"मामा, मनानं वाजवताना तुमचं डोकं निवांत होतं," लेक म्हणाली. "ते साधं वाजवतानाच लई राबलंय."

"मंग? राबणारच की," मेहुणे म्हणाले.

लेक पास झाली, पुढं शिकायला परदेशी गेली. मेहुणे आता रविवारी येतात, सरळ रस्त्यानं. तिला फोन लावून तीच साधी चाल वाजवतात. "मामा, थोडं तरी फिरवा की," ती म्हणते. "नगं. तू ये, मंग फिरवू."

मी शेजारी बसून कान देऊन तपासतो. अजून एका सुराचा फरक निघालेला नाही, आणि आता मलाच वाटतं, एकदा तरी निघावा.