त्याची मूठ

बर्गनला मी गेलो तो मित्राला भेटायला कमी आणि त्याच्या आईचा रोट पोचवायला जास्त. आम्ही दोघं सुरतेत लिंबायतच्या एकाच गल्लीत वाढलो, दोघांचे वडील एकाच कारखान्यात लूम चालवायचे. तो शिकून नॉर्वेला, बर्गनला गेला, मी यंत्रमागाचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत चिकटलो. मागच्या श्रावणात कंपनीनं ऑस्लोला पाठवायचं ठरवलं, तशी त्याची म्हातारी आई माझ्या दारात हजर.

आम्हा खानदेशी लोकांत श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, म्हणजे रोटांसाठी, घरातल्या प्रत्येक जिवंत पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचा, आणि ते रोट घरच्यांनी नि भाऊबंदांनीच खायचे. नवरा गेल्यापासून म्हातारी दिराच्या घरी, सगळ्या बायांदेखत, फक्त लेकाच्या नावाची मूठ काढायची. त्याच्या वाट्याचा रोटही तीच खायची. त्या वर्षी तो कापडात बांधून माझ्याकडे दिला आणि बजावलं, रस्त्यात कितीही भूक लागली तरी तू तोंड लावायचं नाही.

मित्रानं मला आधी गाव दाखवलं. धक्क्यावरची ती लाकडी घरं शेकडो वर्षांची, जळाली की पुन्हा तशीच बांधलेली. एका वाकड्या खांबावर हात फिरवत तो म्हणाला, इथले लोक जुनं टाकत नाहीत.  आईची चौकशी त्यानं अजून केली नव्हती.

घरी गेल्यावर मी पुरचुंडी सोडली. त्यानं रोट हातात घेतला, वास घेतला आणि टेबलाखालच्या कुत्र्यापुढे टाकला. कुत्र्यानं मात्र चवीनं खाल्ला, तोच एक भाऊबंद निघाला. त्याच्या तिकडच्या बायकोनं विचारलं तेव्हा त्यानं हसत तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं, मग तीही हसली. मी आमच्या बोलीत चार शिव्या हासडल्या. त्यानं उत्तर शुद्ध मराठीत दिलं.

"आईला सांग, माझी मूठ काढत जाऊ नकोस. मला हे लचांड नको."

परतल्यावर म्हातारीनं पाणीसुद्धा विचारलं नाही. "रोट खादा का त्यानी?" एवढंच विचारलं. मी का म्हणून त्याची लाज झाकावी? कुत्र्यासकट सगळं सांगून टाकलं, निरोपही. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली.

या श्रावणात दिराच्या घरी मूठ काढायची तिची वेळ आली. तिनं गव्हाला हातच लावला नाही. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. जिवंत माणसाची मूठ आमच्यात कोणी चुकवत नाही, त्यामुळे काय समजायचं ते सगळ्या समजल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली तिच्याकडे दुखवट्याला बसायला आली. एकीनं तर गळा काढला. मी धावत गेलो, म्हातारीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, मावशी, यांना सांगा ना, तो ठणठणीत आहे, परवाच माझ्याशी फोनवर बोलला.

तिचे डोळे कोरडे होते.

"बसू दे त्यास्ले," ती म्हणाली, आणि पदर डोक्यावर ओढून त्यांच्यात जाऊन बसली.