पाहिलेलं आणि ऐकलेलं

आमच्या शाळेत दुसरीचा वर्ग सुनंदाबाईंचा आणि चौथीचा माझा. मधली भिंत इतकी पातळ, की त्यांच्या धड्यातली म्हैस माझ्या वर्गात रेकायची. शिंदखेड्याहून एसटीने येणाऱ्या या बाई दिसायला गरीब, पण हट्टाच्या पक्क्या. 'गाय हा पाळीव प्राणी आहे, गाईला चार पाय असतात' हा निबंध त्यांनी कधी फळ्यावर लिहून दिला नाही. "ज्यांच्या दारात गाय बांधलेली, त्यांना तिचे पाय मी काय मोजून दाखवू?" म्हणायच्या.

त्यांची रीत वेगळी. वर्गात दोन टोपल्या, एक पाहिलेल्याची, एक ऐकलेल्याची. पोरांनी प्राण्याची एकेक गोष्ट चिठ्ठीवर लिहायची, ती कशी कळली ते सांगायचं आणि मग टोपलीत टाकायची. नंतर चिठ्ठ्या जमिनीवर मांडायच्या. दिसण्याच्या एकीकडे, खाण्याच्या दुसरीकडे, राहण्याच्या आणखी कुठे. वही त्यानंतर. एवढा खटाटोप कशाला, असं मी तोंडावर म्हणायचो. तेवढ्या वेळात माझ्या पोरांचा निबंध पाठ व्हायचा. पण बाईंच्या ललितने लिहिलं होतं, 'बकरी पावसाला घाबरते आणि माझ्या मोठ्या बहिणीसारखी ओरडते.' ते वाचून मी पोट धरून हसलो. माझ्या वर्गातला निबंध वाचून मला कधी हसू आलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर साप हा विषय निघाला. कामिनीने लिहिलं, 'धामण म्हशीचं दूध पिते,' आणि चिठ्ठी सरळ पाहिलेल्याच्या टोपलीत टाकली.

"तू पाहिलंस का गं?" बाईंनी विचारलं.

"मना आबानी सांगं."

"मग ती ऐकलेल्यात जाईल, बाळा."

कामिनी जागची हलली नाही. आईबाप सुरतेला कामाला, पोर आजोबांनी, म्हणजे झुलाल आबांनी वाढवलेली. "मना आबा खोटं नही बोलत," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. बाईंनी तिला जवळ घेतलं. "ऐकलेलं म्हणजे खोटं नाही गं. आबांना एवढंच विचार, त्यांनी स्वतः पाहिलं का." चिठ्ठी त्यांनी टोपलीतून काढून टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी कामिनी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाईंचा डबा तसाच घरी परत जाऊ लागला. "त्या लेकराला जगात एक आबाच आहेत. मी तेच तिच्याकडून काढून घेतले का हो?" त्यांनी मला विचारलं. एरवी मी टोमणा मारला असता. त्या दिवशी मला त्यांचा जीव तुटताना दिसत होता.

मग एका सकाळी झुलाल आबा नातीचा हात धरून बाईंच्या वर्गाच्या दारात उभे. आता हे बाईंना फैलावर घेणार, म्हणून मी माझा वर्ग सोडून धावलो. आबांनी चपला बाहेर काढल्या आणि पोरांच्या ओळीत खाली बसले.

"बाई, हाई पोर नीट जेवत नही," ते म्हणाले. "तुम्ही दखं का आबा, तुम्ही दखं का, हाईच इचारस." मग नातीकडे वळले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "नही दखं बेटा. मना बापनी सांगं, मी आयकं. बठ्ठा गाव तेच सांगस."

गावात ज्यांच्या शब्दाला मान, ते सत्तरीचे आबा सात वर्षांच्या पोरीपुढे 'नाही' म्हणाले होते. मला भरून आलं, उगाच कशाला लपवू.

"मंग तुम्ही काय दखं?" कामिनीने हळूच विचारलं.

"धामणना तोंडमा उंदीर दखा. आपलाच खळामा."

कामिनी उठली. टेबलावरची चिठ्ठी तिने आपल्या हाताने ऐकलेल्याच्या टोपलीत टाकली. मग कोरा कागद मागून घेतला आणि आबांच्या गुडघ्याला टेकून बराच वेळ लिहीत बसली. बाईंनी तो कागद वाचला आणि माझ्या हातात दिला. त्यात धामण नव्हती, उंदीरही नव्हता. लिहिलं होतं, 'माझे आबा खरं बोलतात. हे मी पाहिलं.'