खिंडीपलीकडचं अंगण

लोक हवा खायला डोंगर चढतात. चिखलदऱ्याला जाऊन येतात आणि काय शांत वाटलं म्हणून सांगतात. मला मात्र डोंगर म्हटलं की अजून हाताची मूठ वळते.

अकोटच्या वर सातपुड्याची रांग दिसते. तिच्या पायथ्याच्या एका डोंगराभोवती माझं सगळं तरुणपण गेलं. त्या डोंगराला पुरता वळसा घालणारी एक वाट आहे. सासरच्या वाडीमागून ती चढते आणि घामाघूम करून खिंडीत नेते. तिथून कड्याच्या कडेकडेनं उतरत माझ्या माहेरच्या मळ्याशी जाते, आणि नाल्यानाल्यानं फिरून पुन्हा सासरी येते. तरण्या माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम. दम लागतो, पण वाटेनं कुणाचा जीव जात नाही. धोका होता तो माणसांचा.

दोन्ही घरं माळ्यांची. खाली वांगी, मिरची, झेंडू; वर डोंगरभर सीताफळाची झुडपं. जंगलखातं त्या फळांचा ठेका देई. अलीकडची बाजू सासरकडे, पलीकडची माहेरकडे, आणि हद्द म्हणजे खिंडीतलं सालईचं झाड. त्या झाडाच्या अलीकडे-पलीकडे दोन्ही घरांनी एकमेकांना गोफणीनं इतके गोटे मारले होते की पुरता वळसा कुणीच घालत नसे. खिंडीपर्यंत जायचं आणि आल्या पावली परतायचं. माझ्या सासूचा डावा डोळा त्या गोट्यांपायीच गेला होता. तो दगड माझ्या बापाचा होता.

शेवटी जातीच्या पंचांनी तोडगा काढला : सोयरीक करा, पोरगी दिली की दगड थांबतात. मग मला दिलं. दगड काही थांबले नाहीत. सासरच्यांना आता मारायला मी हाताशी सापडले, एवढाच फरक.

उन्हाळ्यात लग्न झालं आणि हळद उतरायच्या आत मी सासूमागे डोंगरावर होते. वाळलेल्या गवताला वणवा लागला की झुडपं जळतात, म्हणून रोज राखणीला चढायचं. एकदा खरंच आग आली. हिरव्या फांद्यांनी आम्ही ती झोडपत होतो. माझ्या पदराला ठिणगी लागली तशी सासूनं पाठीत असा रट्टा घातला की मी तोंडावर पडले. पदर विझला. मग तिनं आणखी एक घातला.

"हा कायले?" मी ओरडले.

"हा तुह्या बापाच्या नावाचा," ती म्हणाली.

वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय! पण मीही काही गरीब गाय नव्हते. पुढच्या खेपेला तिनं हात उचलला तेव्हा मी तो धरला आणि पिरगाळला. ती कळवळली आणि हसली. त्या दिवसापासून तिनं मला मारणं कमी केलं आणि गोफण शिकवायला घेतली.

पावसाळ्यात वाट अशी निसरडी होई की खिंडीखालच्या चढावर हातापायांनी चढावं लागे. तसल्या चिखलात उभं करून ती मला नेम धरायला लावी. "एक डोया मिटून पाह्य. एका डोयानं नेम चांगला लागते, मले इचार." गोफण डोक्याभोवती फिरली, दोरी सुटली आणि समोरच्या पळसाची साल उडाली की अंगात कसलं तरी वारं भरे. भादव्यात एका चोरट्याच्या नडगीवर माझा गोटा बसला. तो लंगडत, शिव्या देत पळाला. मला फार आनंद झाला. तो मी आजही लपवत नाही.

तरी सगळे दिवस मी एकाच गोष्टीकडे डोळे लावून काढत होते. दिवाळीला भाऊ मुऱ्हाळी म्हणून न्यायला येईल, आणि मी मायच्या कुशीत निजेन. लग्नापासून मी तिला पाहिलं नव्हतं. खिंडीतून थोडं पुढे गेलं की माहेरचं अंगण दिसतं, पण सालईच्या पुढे पाऊल टाकायची मला बंदी होती.

सीताफळांचे डोळे उघडू लागले, तोडणी सुरू झाली, आणि एका सकाळी सालईलगतची आमची झुडपं कुणीतरी ओरबाडून नेलेली दिसली. माकडं असतील, वाटसरू असेल. पण सासू पलीकडे बघून थुंकली. "यंदा तू माहेरी जात नाईस," ती म्हणाली. "चोराच्या घरी माही सून नाई जात."

मी दोन दिवस जेवले नाही. कुणी विचारलंही नाही.

धनत्रयोदशीला आम्ही तिघं वर होतो : सासू, नवरा आणि मी. घरात माणसं तेवढीच. नवरा वाईट नव्हता, पण आईच्या शब्दाबाहेर नव्हता. ऊन चढलं होतं. खिंडीतून एक माणूस डोक्यावर टोपली घेऊन आमच्या हद्दीत उतरताना दिसला. फळांच्या दिवसांत डोंगरावर टोपलीवाला परका माणूस म्हणजे चोरच. नवऱ्यानं गोटा सोडला. माणसाच्या कपाळातून रक्त उडालं आणि टोपली खाली आली. करंज्या, अनारसे, एक हिरवं लुगडं, सगळं दगडांवर पसरलं. तो माझा भाऊ होता. गाडीरस्ता लांबचा, म्हणून बिचारा डोंगरावरून आला होता.

"मी मुऱ्हाळी हाये!" तो ओरडला. "बाईले न्याले आलो!"

करंज्या पाहून नवरा थांबेल असं मला वाटलं. पण एकदा हात सुटला की माणूस कशाला थांबतो? त्यानं काठी उचलली आणि भावाच्या पाठीवर, खांद्यावर, मग डोक्यावर हाणू लागला. "चोरी करता आन् मुऱ्हाळी होता काय बे?" भाऊ हात जोडत होता. मी "सोडा, सोडा" म्हणून किंचाळत होते. सासू नुसती बघत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोफण कधी भरली, कधी फिरवली, मला कळलं नाही. गोटा नवऱ्याच्या कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज वाळल्या काटकीसारखा आला. तो खाली बसला आणि लेकरासारखा रडू लागला.

सासू माझ्याकडे वळली तेव्हा गोफणीत दुसरा गोटा होता. ती जागीच थबकली. तिला एकच डोळा होता आणि माझा नेम काय आहे ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"मार," ती म्हणाली. "शिकवलं त मीनंच."

माझ्यानं झालं नाही. मी भावाला उठवलं, त्याचा हात गळ्यात घेतला आणि खिंड ओलांडली.

मायनं भावाचं डोकं बांधलं आणि मला पोटाशी धरलं. एवढंच काय ते माझं माहेरपण. कारण बापानं सगळं ऐकलं आणि तो खुशीत आला. "उजवाच हात मोडला ना? मंग आता थ्या बाजूले राखणीले कोन हाये? बुढी एकटी." त्यानं लगेच चुलत्यांना हाका मारल्या. पोरीचं काय झालं ते त्यानं विचारलं नाही. सणाच्या दिवशी माणसं गोफणी घेऊन सासरकडचा डोंगर ओरबाडायला निघाली.

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो मी होते. मायचा हात सोडवून मी त्यांच्या आधी पळत निघाले. सालईशी पोचले तेव्हा सासरच्या अंगानं सासू एकटीच वर आली होती, ओटीत गोटे घेऊन. मी दोघांच्या मधे उभी राहिले, तोंड बापाकडे करून.

"बाजूले हो वं," बाप म्हणाला.

"झाडाच्या पुढं जो येईन, त्याचं डोस्कं फोडीन. तुमचं बी."

चुलते हसले. मी त्यांच्या पायाशी एक गोटा घातला. खडक फुटला, कपचा बापाच्या गालाला लागला आणि हसणं बंद झालं. त्यानं गालावरचं रक्त पुसलं.

"आजपासून तुले माहेर नाई," तो म्हणाला आणि माणसं घेऊन उतरला.

नवऱ्याचा हात वाकडाच राहिला. बरा झाल्यावर डाव्या हातानं त्यानं मला मारायचं ते मारून घेतलं. मीही गप्प बसले नाही. पुढे संसार झाला, लेकरं झाली. सासूनं मात्र एक केलं : सालईपुढची बंदी उठवली. मग मी पुरता वळसा घालू लागले. उन्हाळ्यात गवत करपलेलं असताना, पावसात हातापायांनी, थंडीत दवानं लुगडं ओलं करत. माहेरचे मला मळ्याकाठून जाताना बघत, पण दगड कुणी मारला नाही आणि हाकही नाही.

मी कड्यावर दिसले की माय अंगणात येऊन उभी राही. ती हात हलवत नसे, मीही हलवत नसे. बाप घरात असे ना! मी वळणाआड होईपर्यंत ती तशीच उभी असे. बारा महिने माझं माहेर एवढंच होतं आणि त्यासाठी मी तापातसुद्धा डोंगर चढले आहे.

एका हिवाळ्यात अंगणात कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. अंगण सारवलेलंही नव्हतं. कुणी निरोप धाडला नव्हता, पण मला कळलं. कड्यावर बसून मी ओटीतले सगळे गोटे एकेक करून त्या घराच्या दिशेनं भिरकावले. एवढ्या लांबून एकही पोचणार नव्हता.