करंजीच्या कडेवरचा बैल

साताऱ्याहून निघताना बायकोनं दोन गोष्टी बजावल्या. एक, जुनंपानं काही विकत घेऊ नका. आणि दोन, कुणी खायला बांधून दिलं तर ते घरापर्यंत येऊ द्या. दुसऱ्या बाबतीत मी गुन्हेगार आहे, हे कबूल. गेल्या खेपेस मिरजेच्या मावशीनं दिलेला लाडवांचा डबा घरी पोचला तेव्हा तळाला चुरा तेवढा उरला होता. पहिल्या गोष्टीवरून मात्र आमचं तीन वर्षं भांडण चालू आहे.

मी हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर. पण जीव अडकलाय तो जुन्या वस्तूंत. नाणी, मणी, खापरं, काही म्हणून सोडत नाही. तीन वर्षांपूर्वी मुंबईत एका व्यापाऱ्याकडे मी बाबिलोनची मुद्रा पाहिली. ही मुद्रा म्हणजे बोटाच्या पेराएवढं दगडी लाटणं. त्यावर माणसं-जनावरं कोरलेली, मधून आरपार भोक. हजारो वर्षांपूर्वी तिकडचे लोक ती ओल्या मातीवर फिरवून ठसा उठवत. मी पाहिली आणि खलास झालो. खिशात बायकोच्या पाटल्यांसाठी साठवलेले पैसे होते. पाटल्या राहिल्या, मुद्रा आली. तेव्हापासून ती तपकिरीच्या डबीत कापसावर निजलेली असते आणि मी जाईन तिथं माझ्याबरोबर असते. झिजेल या भीतीनं मी ती आजवर एकदाही कशावर फिरवली नव्हती. पुढे जी फजिती झाली ती याच शहाणपणापायी.

या खेपेचं बोलावणं विट्याहून आलं होतं. तिथले शंकरराव कानपुरात गलाईचं (सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याचं) दुकान चालवतात. बहिणीच्या सासरी लग्न होतं म्हणून गावी आले होते. त्यांनी लिहिलं, ‘मास्तर, चांदीची लई जुनी नाणी आणली आहेत. राजांची तोंडं आहेत त्यांवर. लौकर या.’ शाळेतून दोन दिवसांची रजा काढायला मला तीन दिवस लागले.

सातारारोडहून गाडीनं कऱ्हाड गाठलं आणि तिथून विट्याची मोटर धरली. लढाई संपली तरी पेट्रोल अजून सुटलेलं नव्हतं. मोटर कोळशावर चाले. पाठीमागं तिला एक भला मोठा बंब बांधलेला. चढ आला की क्लीनर ओरडे, “उतरा गड्यांनो, जरा पाय मोकळं करा!” आणि आम्ही सगळे पाय मोकळे करत मोटर ढकलत असू. विट्यात उतरलो तेव्हा मी कोळशाच्या वखारीतून आलोय की शाळेतून, हे सांगणं कठीण होतं.

शंकररावांनी मला बघून कपाळावर हात मारला.

“आवं मास्तर, एक दिस आदी यायचं न्हाई व्हय? कालच मुशीत गेली.”

“कोण गेली?”

“नाणी! तुमचा जबाब न्हाई, मला वाटलं तुमास्नी नकोत. भनीकडं लगीनकार्य, चांदी लागत व्हती.” एवढं बोलून त्यांनी चांदीची एक लगड माझ्या हातात ठेवली. “ह्यात हायती बगा समदे राजे. एकाच घरात.”

मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं होतं. पण माणूस असा दिलखुलास, की रागवायची सोय नाही. त्यांनी पितळीभर चहा दिला, आणि समजूत काढायला म्हणून बशीत दोन करंज्या. “थोरल्या भनीच्या घरच्या हायत्या. तिच्या नणंदंचं लगीन हाय, तिथं रुखवताची तयारी चाललीया. खाऊन बगा.”

करंजी उचलून तोंडाशी नेली आणि हात तिथंच थांबला. तिची कड चांगली दोन बोटं रुंद होती आणि त्या कडेवर एक दाढीवाला माणूस सिंहाशी झुंजत होता. सिंहामागं एक बैल, बैलामागं पुन्हा दाढीवाला, पुन्हा सिंह. खरपूस तळलेले, तुपात न्हालेले, पण बैलाच्या खांद्याचा फुगवटा नि माणसाच्या दाढीच्या कुरळ्या बटासुद्धा ओळखू येत होत्या.

“हे... हे कशानं केलं?” माझा आवाज चिरकला.

“ती फिरकी हाय न्हवं तिच्याकडं. दाजींनी इराकातनं आणल्याली.”

दुसरी करंजी मी कागदात गुंडाळली आणि म्हणालो, “शंकरराव, गाडी जुंपा.”

बहिणीचं गाव तिथून दोन कोसांवर. माघ महिना, दोन्ही बाजूंना शाळू उभा. वाटेत एका शेतात आगटी पेटलेली होती; तिथल्या म्हाताऱ्यानं आम्हाला उतरवून घेतलं आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तळहातावर गरम हुरडा चोळून दिला. असा गोड हुरडा मी जन्मात खाल्ला नसेल, पण खरं सांगतो, माझं लक्ष तोंडात नव्हतं. मी मनातल्या मनात भाव ठरवत होतो. त्यांना वस्तूची किंमत माहीत नसणार. पाच रुपये म्हणावं, फार तर दहा. हुरडा देणाऱ्यानं पैसे घेतले नाहीत याचीसुद्धा मला तेव्हा लाज वाटली नाही.

अंगणात मांडव घालणं चालू होतं. सोप्यात भावकीतल्या सात-आठ बायका पोळपाट घेऊन बसलेल्या, आणि मधे शंकररावांची बहीण, पारूबाई. बाई उंचपुरी, आवाज खणखणीत. तिच्या हातात सायकलच्या चाकाची तार होती, आणि तारेत ओवलेली ती. निळसर काळ्या दगडाची, घासून घासून गुळगुळीत झालेली. बाई करंजीची कड दाबून तिच्यावरून ती सर्रकन फिरवी, आणि एका वेढ्यात बाबिलोनचा राजा, सिंह अन् बैल कणकेवर उभे राहत.

मी आवाज होईल तेवढा बेफिकीर केला. “बाई, हा दगड विकणार का? शाळेतल्या मुलांना दाखवायला हवा होता.” खोटं बोलताना माझे कान लाल होतात. ते झालेच.

“किती देनार?” तिनं मान वर न करता विचारलं.

“पाच रुपये.”

बायका हसल्या.

“बरं, दहा. पंचवीस!”

आता तिनं मान वर केली. “दगडाला पंचवीस रुपयं? मास्तर, तुमी काय तरी लपिवताय. पर त्ये जाऊ द्या. चार दिसांवर नणंदंचं लगीन हाय. शिंव्हाच्या करंज्या येनार म्हनून आमी पाव्हण्यास्नी सांगून बसलोय. तिच्या रुखवतात त्या न्हाई दिसल्या तर पोरीला जलमभर सासरी ऐकून घ्यावं लागंल. इकायचं नावच नको.”

तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि मला ती मुद्रा हवीच होती. अशा वेळी माणसाला वेड लागतं. मी खिशातून तपकिरीची डबी काढली.

“अदलाबदल करू. ही माझी घ्या. हीसुद्धा तशीच आहे. तुमच्या करंज्या अडणार नाहीत, वर पंचवीस रुपये मुलीला आहेर.”

पाटल्यांची ती मुद्रा मी अशी देऊन टाकीन असं सकाळी कुणी म्हटलं असतं तर मी त्याला हाकललं असतं. पण तिच्या हातातली दहापट देखणी होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

पारूबाईनं माझी मुद्रा कापसातून उचलली, तारेत ओवली, कणकेची एक पट्टी लाटली आणि तिच्यावरून फिरवली. मी पुढं वाकलो. तीन वर्षांत पहिल्यांदाच मला तिचा ठसा दिसणार होता.

बाई थांबली. पुन्हा फिरवली. मग तिनं पट्टी उचलून माझ्यापुढं धरली.

“मास्तर, ह्याची जोड कुटं हाय?”

मी पाहिलं. माणूस आला, त्याच्या पुढं बैल आला, आणि बैलाच्या मागच्या पायांच्या जागी पुन्हा माणसाचं नाक. वेढा संपला आणि बैल अर्ध्यातच कापला गेला होता. पुस्तकातलं चौकटीतलं चित्र कुणीतरी गोल दगडावर बसवायला गेलं होतं आणि जागा पुरली नव्हती.

“मागनं कापल्याला बैल रुखवतात ठिवला,” ती म्हणाली, “तर लोक म्हनतील, नवरीच्या घरची मानसंच अर्धवट.”

सोप्यात हशा पिकला. मी वर्गातल्या पोरांना नक्षीच्या पट्ट्याची जोड जुळवायला शिकवतो. कुणाची चुकली तर कान धरतो. आणि माझ्या खिशात तीन वर्षं हे!

तेवढ्यात पारूबाईचे यजमान मांडवातून आत आले. फौजेत ते लांगरी (स्वयंपाकी) होते, पण गाव त्यांना हवालदारच म्हणतं. त्यांनी माझी मुद्रा चिमटीत धरून पाहिली.

“बसऱ्याला असल्या टोपलीभर मिळत्यात. गोऱ्या सायबाला इकायला केल्याल्या.”

“मग तुम्हाला खरी कशी ओळखू आली?”

“खरी-खोटी मला काय ठावं? हिनं पत्रात लिवलं व्हतं, करंजीचं कातणं (कड कापायची चकती) मोडलं, येताना आणा. तिकडं कातणं कुटलं मिळतंय! मग एका अरबाकडं ह्या फिरक्या दिसल्या. म्या लंगरातनं कणकंचा गोळा न्हेला आन् एकेक फिरवून बगितली. जिची जोड जुळली ती घेतली. सिगरेटचा एक डबा दिला.”

मी मटकन ओट्यावर बसलो. आणि मग हसू फुटलं ते आवरेना. हसता हसता मी सगळं खरं सांगून टाकलं. पाटल्यांची गोष्ट, मुद्रेचं वय, तिची किंमत. “कुणी गोड बोलून मागायला आला तर देऊ नका. माझ्यासारख्याला तर मुळीच देऊ नका,” असंही सांगितलं. सांगितल्यावर फार बरं वाटलं.

पारूबाईनं ती फिरकी पदरानं पुसली. “चार हजार वर्सं? म्हंजी तवा बी बाया ह्येच्यानं करंज्याच करत व्हत्या?”

“नाही हो. धान्याच्या रांजणाला, खजिन्याच्या दाराला ओली माती लावायचे आणि वर हा ठसा उठवायचे. कुणी मधे उघडलं की ठसा मोडायचा, आणि मालकाला कळायचं.”

“म्हंजी कुलूप.”

“कुलूपच.”

ती काहीतरी विचार करत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो तेव्हा तिनं एक पत्र्याचा डबा पुढं केला. “वैनीस्नी करंज्या.” झाकणाच्या जोडावर सभोवार कणकेची पट्टी लावलेली, आणि तिच्यावर ओळीनं दाढीवाला, सिंह, बैल. डबा फिरवून पाहिला. शेवटचा बैल पहिल्या माणसापाशी अगदी बरोबर येऊन मिळत होता.

“वाटंत उघडू नका,” ती म्हणाली. “उघडला तर वैनीस्नी कळंल.”

मी तिला लाडवांबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. बाईनं नुसतं तोंडाकडं बघून ओळखलं असावं.

कऱ्हाडची मोटर बंद पडली होती, म्हणून सांगलीवरून जावं लागलं. माधवनगरात गिरणी सुटलेली. भजीवाल्याभोवती ही गर्दी. मोटर थांबलीच नाही. सांगलीहून मिरजेला आलो तर साताऱ्याकडची गाडी चार तास उशिरा. फलाटावर तंबोऱ्यांचे भोपळे रचून ठेवलेले, त्यांच्या शेजारी मी आणि मांडीवर डबा. पोटात कावळे कोकलत होते. डब्यातून गुळाचा नि वेलदोड्याचा वास येत होता. शेजारी बसलेला तंबोरेवाला म्हणाला, “पाव्हणं, डबा हाय की. खावा की.”

“उघडता येत नाही.”

“का वो?”

“मोहोर आहे.”

त्यानं वाकून बैलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि गुपचूप आपल्या भाकरीतली अर्धी मला दिली. एकदा दोनदा माझा अंगठा पट्टीपाशी गेला, लपवत नाही. पण कडेला तो दाढीवाला उभा. चार हजार वर्षांपूर्वी त्याला तिथं उभा केला होता तो माझ्यासारख्यांसाठीच.

घरी पोचलो आणि मिरजेत गाडी अडल्याचं सांगितलं. बायकोनं डबा हातात घेतला, वजन अजमावलं आणि माझ्याकडं संशयानं पाहिलं. मग तिनं पट्टीवरून बोट फिरवलं. कुठंही तडा नव्हता.

“वाटेत उघडला नाहीत?”

“नाही.”

“मिरजेतसुद्धा?”

“नाही.”

तिनं अंगठ्यानं पट्टी फोडली. हातातल्या काचेच्या बांगड्या वाजल्या. मी डबी तिच्यापुढं ठेवली. “ती मुद्रा खोटी निघाली. तुझ्या पाटल्या मी पाण्यात घातल्या. माझं चुकलं.”

 मग डब्यातली सगळ्यांत मोठी करंजी काढून तिनं माझ्या हातावर ठेवली. “तीन वर्षांत हे एवढं तरी बोललात,” म्हणाली. “आणि डबा आख्खा आणलात. खा आता.”

विट्याहून कागदात गुंडाळून आणलेल्या त्या करंजीच्या कडेचा एक तुकडा मी कपाटात जपून ठेवला होता. आठवड्याभरात त्याला मुंग्या लागल्या. माझ्या कपाटात अस्सल बाबिलोन होतं ते तेवढेच दिवस. खोटी मुद्रा मात्र कामाला लागली आहे. बायको ती आता लाडवांच्या डब्यावर कणीक लावून फिरवते. बैल मागून कापलेला उमटतो, पण डब्याला हात लावला की तिला कळतं ते कळतंच. पाटल्यांच्या पैशात मास्तरांना कुलूप आलं, असं ती शेजारणींना सांगते.