बिल्ला नंबर दोनशे सतराचं घर

पिंपरी कॅम्पातल्या दुकानदारानं माझ्या उधारीच्या कार्डावर काय लिहिलंय, ते मी अकरा महिने वाचलं नाही. वाचता येत होतं, तरी वाचलं नाही. चूक एवढीच.

आणि गाव सोडताना वडिलांनी नेमकं तेवढंच बजावलं होतं. पारनेरकडच्या आमच्या फाट्यावर एसटी उभी होती. खिडकीचा गज धरून ते म्हणाले, "वाण्याची वही वाचाया घरात कुणीतरी पायजे, म्हणून तुला साळंत घातला. इसरू नगंस." मी मान हलवली. बायको, कमळा, सात महिन्यांची पोटुशी, मागं लिंबाखाली उभी होती. आम्हांला कधी न्याल, असं तिनं सकाळीच विचारलं होतं, आणि मी ऐटीत सांगितलं होतं, खोलीची अनामत जमली की लगेच.

कारखान्यात पहिल्याच दिवशी पितळी बिल्ला मिळाला. नंबर दोनशे सतरा. बिल्ला जुना होता आणि मागच्या टाचणीला लाल दोरा गुंडाळलेला होता, छातीला टोचू नये म्हणून. कंपनी माणसाची किती काळजी घेते, असं वाटून मला भरून आलं. आता हसू येतं.

त्या संध्याकाळी रूळ ओलांडून कॅम्पात गेलो. दुकानदार टहलराम सिंधी. फाळणीत सगळं मागं टाकून आलेला, लष्कराच्या जुन्या बराकीत दुकान मांडून बसलेला. गिऱ्हाइकांना वाचता यावं म्हणून या गृहस्थानं मिशा पिकल्यावर देवनागरी गिरवली होती. त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही. बिल्ल्याकडं पाहिलं, भिंतीतल्या खिळ्यावरचं एक कार्ड काढलं आणि तांदूळ, डाळ, साबण बांधून दिलं. नाव नाही, गाव नाही, जामीन नाही.

गावाकडच्या मंडळींनो, त्या आठवड्यातलं माझं पत्र तुम्ही चावडीवर वाचून घेतलंत ते हेच. इथं अनोळखी माणूससुद्धा मला उधार देतो, एवढी माझी पत आहे, असं मी लिहिलं होतं. आणि माझ्यामागून इकडं आलेल्यांनो, तुम्ही फार हसू नका. तुमच्यातल्या निम्म्यांची कार्डं त्याच खिळ्यांच्या रांगेत लटकत होती.

पगार झाला की मी टहलरामच्या हातावर सात-आठ रुपये ठेवायचो. किती झाले, किती राहिले, विचारायला लाज वाटायची. थोडंफार भरलं की खातं खूश राहतं, अशी माझी समजूत. दर महिन्याला नवं कार्ड जुन्याला टाचलं जाई, आणि तो गठ्ठा जाड होत चालला. माझ्या एकट्याच्या भाकरीच्या मानानं जरा जास्तच जाड.

अनामतीचे पन्नास रुपये जमले त्या रविवारी दुपारी मी हिशेब मिटवायला गेलो. बराकींचे पत्रे तापून पांढरे दिसत होते, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. टहलरामनं बेचाळीस रुपये सांगितले. मी पहिल्यांदा कार्ड हातात घेतलं.

तांदूळ माझे. साबण माझा. पण मध्येच वेखंड. काजळाची डबी. तिळाचं तेल. दर अमावास्येला एक नारळ. बाळ दूध ओकतं, म्हणून कमळाचं पत्र ज्या आठवड्यात आलं होतं, त्याच आठवड्यात बाळहिरडा. उन्हात उभा असून माझ्या अंगावर काटा आला.

हे कुणी नेलं, म्हणून विचारलं. टहलराम डोळे न उचलता म्हणाला, "साईं, आपकी घरवाली. हर हफ्ते आती है. आजही आली, आत्ताच गेली."

माझी घरवाली साठ मैलांवर होती.

कुठं राहते, तर पवनेच्या काठी, शेवटची खोली. मी निघालो. वाटेत एक वाईट विचार डोक्यात शिरला तो निघेना: आपण इथं आलो त्याच्या आधीपासूनच आपण इथं राहतो आहोत. बायको आहे, लेकरू आहे. फक्त आपल्याला कुणी कळवलेलं नाही.

दार उघडं होतं. दोरीवर माझ्या मापाचा खाकी सदरा धुऊन वाळत घातला होता, खिशावर बिल्ल्याच्या टाचणीची दोन भोकं. आतून पाळण्याची करकर येत होती. बाई उंबऱ्यावर आली. माझ्या तोंडाकडं तिनंही पाहिलं नाही. तिची नजर बिल्ल्यावर गेली, मग तिनं हात पुढं करून बिल्ला उलटा केला आणि लाल दोऱ्यावरून बोट फिरवलं. दोरा तिनं गुंडाळला होता.

तिचं नाव भागाबाई. नवरा मी यायच्या दोन महिने आधी तापानं गेला होता. त्याचा नंबर कारखान्यानं मला दिला, आणि नंबरामागोमाग टहलरामनं त्याचं खातंही. धनी गेला असं दुकानात सांगितलं तर उधार बंद होईल, म्हणून ती कपाळावर पदर ओढून सामान आणत राहिली. कार्डावर पैसे भरले जात होते. "कंपनी भरतीया असं वाटलं," ती म्हणाली. "वाटून घेतलं. मला कुटं वाचता येतंय. तुमाला येतंय न्हवं?"

धुतलेला सदरा का वाळत होता, ते मी विचारलं नाही.

परत जाऊन बेचाळीस रुपये भरले. कार्डाच्या माथ्यावर, नंबराच्या वर, सखाराम असं माझं नाव स्वतः लिहिलं. भागाबाईला दवाखान्यात झाडलोटीचं काम मिळालं तेव्हा तिच्या नावाचं वेगळं कार्ड मीच लिहून दिलं, आणि दर शनिवारी दोन्ही कार्डं मोठ्यानं वाचायचो. टहलराम कंटाळायचा. अनामत पुन्हा जमायला आणखी सात महिने गेले. आमची मुलगी तोवर चालायला लागली होती. तिची पहिली पावलं गावानं पाहिली, मी नाही.

आता घर कुठलं, असं कुणी विचारलं की मला गाव आठवत नाही, खोलीही नाही. तो खिळा आठवतो. तुमचं नाव लिहून ठेवलेलं असतं, तिथं तुमचं घर, असं मी एकदा कमळाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सगळी हकिकत तिनं तेव्हाच पहिल्यांदा पुरती ऐकली. सूप खाली ठेवून म्हणाली,

"त्यो मरून त्याचं घर चाललं. तुमी जित्तं असून माझं चाललं न्हाई."